श्रावणासाठी दारू अचानक सोडणाऱ्याची काळजी कशी घ्यावी

गटारी अमावास्या उलटली की अनेक घरांत महिनाभर दारूला न शिवण्याचा संकल्प होतो. कोणी माळ घालतो, कोणी मुलांची शपथ घेतो. अधूनमधून पिणाऱ्याला त्यात धोका नाही. मात्र जो कित्येक वर्षे रोज भरपूर पितो आणि हातांची थरथर थांबवण्यासाठी ज्याला सकाळीच घोट लागतो, त्याने दारू एकाएकी तोडणे जिवावर बेतू शकते. दारूच्या गुंगीशी झगडण्यासाठी त्याचा मेंदू सतत उत्तेजित राहू लागलेला असतो. दारू थांबते, पण ते उत्तेजन लगेच थांबत नाही.

म्हणून संकल्पाच्या आधीच जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात जावे. केंद्रांची माहिती 14446 या निःशुल्क राष्ट्रीय मदतवाहिनीवर मिळते. रोज किती क्वार्टर लागतात, शेवटचा पेला कधी घेतला, पूर्वी फिट आली होती का आणि झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, हे डॉक्टरांना लाज न बाळगता सांगावे. डॉक्टरांची भेट होईपर्यंत अशा माणसाची दारू घरच्यांनी एकदम बंद करू नये. हे ऐकायला विचित्र वाटले तरी सुरक्षित तेच आहे.

शेवटच्या पेल्यानंतर साधारण 6 ते 24 तासांत थरथर, घाम, मळमळ आणि बेचैनी सुरू होते. फिट बहुधा पहिल्या 48 तासांत येते. तशी ती आल्यास माणसाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये, चप्पल वा कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नये आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दोन ते चार दिवसांनंतरचा काळ सर्वांत फसवा असतो. थरथर ओसरली असे वाटत असतानाच काहीजण भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडतात, घरच्यांना ओळखत नाहीत, तापाने फणफणतात आणि त्यांची नाडी जोरात धावू लागते. याला बाहेरची बाधा समजून देवऋषीकडे नेण्यात जे तास जातात, तेच उपचारांचे असतात. हाड मोडले म्हणून दाखल झालेला रुग्ण तिसऱ्या रात्री अचानक असंबद्ध बरळू लागतो, तेव्हा त्याने पिण्याची सवय लपवली असण्याची शक्यता नातेवाइकांनी डॉक्टरांच्या कानावर घालावीच.

‘एक सलाइन लावली की उतरेल’ या समजुतीवर विसंबू नये. दीर्घकाळ पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व, बहुधा कमी असते आणि ते न देता नुसते ग्लुकोज चढवल्यास मेंदूला इजा होऊ शकते. चाल डगमगणे, डोळ्यांची हालचाल बिघडणे आणि गोंधळ ही तिची लक्षणे होत. उत्तेजन शमवणाऱ्या गोळ्यांचे प्रमाण डॉक्टर रोज तपासून उतरवत नेतात. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या देऊ नयेत, कारण त्यांवर दारू प्यायल्यास श्वास मंदावतो.

‘नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींतील पुड्या तर भाजीत मुळीच कालवू नयेत. अशा पुडीत डायसल्फिराम असेल आणि माणूस त्यावर प्यायला, तर उलट्या होऊन रक्तदाब कोसळतो आणि क्वचित मृत्यूही ओढवतो. हे औषध अधिकृत उपचारांतही वापरतात, पण तपासणी करून, रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन आणि त्याच्या संमतीनेच.