लाकडं ठेवायला साधं टिनाचं शेड, नागपूरच्या उन्हापावसाच्या हिशोबाने

नागपूरच्या महाल भागातलं आमचं जुनं घर पाडलं तेव्हा मयाली (जाड तुळया), कड्या, चौकटी, फळ्या असं सगळं मिळून शंभर घनफुटाच्या आसपास सागवान निघालं. ते शहराबाहेर बेसाच्या प्लॉटवर आणून टाकलं, खाली विटा लावल्या, वरून निळी ताडपत्री झाकली, दोरीने गच्च बांधली, आणि वाटलं की झालं काम. पोळा झाल्यावर उघडलं तर आधी आंबूस वास आला, मग पांढरी-हिरवी बुरशी दिसली, आणि सगळ्यात खालची फळी उचलायला गेलो तर हातात वरचा पापुद्राच आला, आत नुसती माती भरलेली. आजोबांच्या वेळची फळी होती ती. म्हणून ज्यांच्याकडे घर पाडल्याचं लाकूड आहे किंवा लकडगंजाच्या लाकूडबाजारातून फर्निचरसाठी आधीच घेऊन ठेवलेलं आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहून राहिलो, म्हणजे तुमचं तरी वाचेल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. लाकडाला खोली लागत नाही, वरून छप्पर, खालून उंची आणि बाजूने वारा लागतो. लाकडात पाण्याचं प्रमाण साधारण २० टक्क्यांच्या वर गेलं आणि तिथेच राहिलं की बुरशी धरते, आणि ताडपत्री गच्च बांधली की जमिनीतून येणारी ओल आतच फिरत राहते. चारी बाजूंनी भिंत घातली तरी तेच होते. उलट आपल्याकडे नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, झळा लागतात, तापमान ४५ च्या वर जाते, तेव्हा उघड्यावरचं लाकूड इतकं पटापट सुकते की टोकाकडून तडकत जाते. म्हणजे एकाच शेडने पावसाळ्यात वारा खेळवायचा आणि मे महिन्यात झळ अडवायची, एवढं जमलं की शेड जमलं.

जागा निवडताना प्लॉटवरचा थोडा उंच भाग घ्या, जिथे पाणी साचत नाही. मागची, म्हणजे बुटकी बाजू पश्चिमेला ठेवा कारण पावसाची झड जास्त तिकडूनच येते आणि उन्हाळ्यातली झळही तिकडचीच, उघडं तोंड पूर्वेला. माप मी १२ फूट लांब आणि ६ फूट रुंद धरलं, घरच्या लाकडाला पुरते.

आता जमीन. आमच्याकडे काळी माती आहे, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिच्यावर सरळ काही ठेवलं की वर्षभरात वाकडं होते. सुकलेलं सागवान घनफुटाला साधारण १८-१९ किलो भरते, म्हणजे शंभर घनफूट म्हटलं तर पावणेदोन टनाच्या वर वजन, आणि हे वजन शेडच्या खांबांवर नाही तर सगळं जमिनीवरच येणार आहे. म्हणून शेडच्या जागेतली दीड फूट काळी माती काढून टाका आणि मुरूम भरा, एकदम नाही, सहा-सहा इंचाचे थर टाकून पाणी मारून धुम्मस करा. मुरूम आजूबाजूच्या जमिनीपेक्षा अर्धा फूट वर आला पाहिजे, त्याच्यावर चार इंच गिट्टी. कॉंक्रीटचा ओटा केला तर चांगलंच पण नाही केला तरी चालते, त्या पैशात टिन जाड घ्या.

गिट्टी टाकायच्या आधी उधळीचं, म्हणजे वाळवीचं, औषध मारून घ्या. मी क्लोरपायरीफॉस २० ईसी वापरलं, १ लिटर औषधाला १९ लिटर पाणी, आणि ते मुरमावर आणि शेडच्या चारी बाजूंनी छोटी नाली खोदून त्यात टाकलं. हातमोजे आणि मास्क लावूनच करा, आणि विहीर किंवा बोअर जवळ असेल तर हे औषध टाकूच नका, मग फक्त उंचीवर आणि पाहणीवर भर द्या.

खांब लाकडाचे करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. बल्ल्या स्वस्त पडतात, पण जमिनीत गाडलेली बल्ली म्हणजे उधळीला वर चढायला जिना करून दिल्यासारखं आहे. दोन बाय दोन इंचाचा लोखंडी स्क्वेअर पाईप घ्या. पाईप ६ मीटरचा येतो, म्हणजे साडेएकोणीस फुटाच्या थोडा वर, आणि त्यातून एक साडेदहा फुटाचा आणि एक नऊ फुटाचा असे दोन खांब बरोबर निघतात. समोरचा साडेदहाचा, मागचा नऊचा, दोन्ही अडीच फूट जमिनीत जाणार, म्हणजे वर समोर ८ फूट आणि मागे साडेसहा फूट राहते. समोर तीन, मागे तीन, सहा-सहा फुटावर. तीन पाईपात सहा खांब झाले. सहा फुटात दीड फुटाचा उतार पडतो, टिनाला भरपूर झाला.

खड्डे फूट बाय फूट, अडीच फूट खोल, आणि मुरूम लागत नसेल तर अजून खाली जा, काळ्या मातीत खांब उभा करू नका. खांबाच्या खालच्या टोकाला सळईचा वीतभर तुकडा आडवा वेल्ड करून घ्या. हा तुकडा विसरू नका भाऊ, एप्रिल-मे मध्ये जे अवकाळी वादळ येते ते असं उघडं शेड खालून छत्रीसारखं उचलते, आणि तेव्हा खांबाला धरून ठेवणारा तोच असतो. कॉंक्रीट १:२:४ (सिमेंट, वाळू, गिट्टी), वरून खांबाभोवती थोडा उंचवटा देऊन उतार काढा म्हणजे खांबाच्या बुडाशी पाणी थांबत नाही. सात दिवस पाणी मारा आणि तोवर वरचं काम सुरू करू नका, वेल्डिंगवाला घाई करेल तरी नाही.

वर तीन राफ्टर, म्हणजे समोरच्या खांबावरून मागच्या खांबावर जाणारे पाईप, पावणेदहा फुटाचे, एका पाईपात दोन निघतात. समोर दोन फूट आणि मागे दीड फूट बाहेर काढा. त्याच्यावर चार आडवे पर्लिन, म्हणजे लांबीकडे जाणारे पाईप ज्यांच्यावर टिन बसते, १६ फुटाचे, दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट बाहेर. पर्लिन कापल्यावर प्रत्येक पाईपाचा साडेतीन फुटाचा तुकडा उरतो, तो भंगारात देऊ नका, चार कोपऱ्यांच्या खांबांना तिरपे टेके म्हणून लावा, शेड लांबीकडे हलत नाही. सगळे मिळून नऊ पाईप लागले. जोडावर रेड ऑक्साइड दोन हात मारायचा.

टिन १० फुटाचे, साडेतीन फूट रुंदीवाले प्रोफाईल पत्रे, पाच लागतात. अर्धा एमएम जाडीचे घ्या, दुकानदार पातळ दाखवून भाव कमी सांगतो पण पातळ पत्रा वाऱ्यात स्क्रूच्या भोवती फाटत जातो. स्क्रू रबर वॉशरवाले, पत्र्याच्या उंच पट्टीवर मारा, खोलगट भागात नाही, तिथून पाणी वाहते. आणि वॉशर दाबून चपटं होईपर्यंत आवळू नका. कडेच्या ओळीत प्रत्येक उंच पट्टीला एक स्क्रू, मधल्या ओळींमध्ये एक सोडून एक चालते.

मागच्या बाजूला बुरडाकडून बांबूचे तट्टे आणून बांधा, खाली फूटभर आणि वर टिनापर्यंत वीतभर जागा सोडून, म्हणजे झड आणि झळ अडते पण वारा चालू राहतो. उत्तर-दक्षिणेच्या बाजूंना मी नुसतं ग्रीन नेट लावलं.

आता रचाई, खरं काम हेच आहे. सॉलिड ब्लॉक दोन एकावर एक ठेवा, १६ इंच उंची मिळते, खाली वाकून टॉर्च मारता येते एवढी. अशा समोरासमोरच्या दोन थप्प्यांची एक जोडी, दोन-दोन फुटावर सात जोड्या, प्रत्येक जोडीवर चार फुटाचा लोखंडी आडवा. सगळे आडवे दोरी लावून एका लेव्हलमध्ये आणा, कारण आडवा वाकडा तर त्याच्यावरची फळी वाकडी, आणि सुकलेली वाकडी फळी परत सरळ होत नाही. मग फळ्यांचा एक थर, बोटभर अंतर सोडून, त्यावर एक इंच जाडीच्या पट्ट्या, मग पुढचा थर. पट्टी बरोबर खालच्या पट्टीच्या डोक्यावर आली पाहिजे, उभ्या ओळीत, थेट लोखंडी आडव्यापर्यंत. पट्ट्या सुक्या लाकडाच्याच, ओल्या पट्टीचा डाग फळीत उतरतो. नवीन कापलेल्या मालाच्या दोन्ही टोकांना जुना ऑइल पेंट फासा, पाणी टोकातून कितीतरी पट लवकर निघते आणि चिरा तिथूनच सुरू होतात. एका थरात एकाच जाडीचा माल. सगळ्यात वर जड मयाल ठेवा, वरच्या फळ्या वाकत नाहीत.

पाडलेल्या घरातलं लाकूड सरळ चांगल्या मालात मिसळू नका. खिळे काढा, ब्रश मारा आणि दोन-तीन महिने वेगळं ठेवून पाहा, छोट्या छिद्रातून मैद्यासारखी बारीक भुकटी पडत असेल तर किडा जिवंत आहे. तो बहुतेक कडेच्या पांढऱ्या लाकडात असतो, गाभ्यात नाही, तेवढी पांढरी पट्टी कापून जाळून टाका, बाकीचं वाचते. आणि सागवान विकत घेतलं असेल तर बिल आणि वाहतूक परवाना सांभाळून ठेवा, माल हलवायची वेळ आली की लागतो.

हे सगळं मृग लागायच्या आत उभं झालं पाहिजे, म्हणून मार्चमध्येच सुरू करा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी टॉर्च घेऊन ब्लॉकच्या चारी बाजू पाहायच्या, उधळीची पेन्सिलीएवढी मातीची नळी वर चढताना दिसली की लगेच मोडायची आणि तिथे परत औषध टाकायचं. मागच्या श्रावणात मला अशी एक सापडली, दुसऱ्या ब्लॉकच्या अर्ध्यापर्यंत आलेली, लोखंडी आडव्यापासून चार बोटं खाली.