कॉर्डरॉय बेतताना आधी लव बघा

माझ्या पहिल्या कॉर्डरॉय पँटचा एक पाय गडद चॉकलेटी दिसायचा, दुसरा मळकट तपकिरी. कापड एकाच तुकड्यातलं. तो तुकडा पुरवायच्या नादात मी एक पाय उलटा बेतला होता.

हे कापड विणताना आडवे जादा धागे मोकळे सोडतात. मग ते कापून ब्रशने उभे करतात आणि त्यांच्या उभ्या, लवदार रेघा होतात. ही लव एका बाजूला झुकलेली असते. रेघेवरून हात फिरवा, ज्या दिशेला गुळगुळीत लागेल तिकडे लव. ती वर जाणारी ठेवली तर रंग गडद दिसतो, खाली ठेवली तर फिका आणि चकाकता, पण झीज कमी. मी कपड्यांना वर ठेवते. पिशवीला मात्र खाली, कारण ती दिवसभर कमरेला घासते. दोन्ही चालतं, फक्त एका वस्तूतले सगळे भाग एकाच दिशेने हवेत. त्यामुळे कापड थोडं जास्तच आणा.

इंचाला साधारण 11 रेघांचं कापड पँटला छान. शर्टाला 16 किंवा त्याहून बारीक.

सुती असेल तर बेतण्याआधी धुवून घ्या, आटतं. मग एकेरी पसरा, उलट्या बाजूवर खडूने लवेच्या दिशेचा बाण काढा आणि कापा. दुमडून कापलं की रेघा सरकतात. (कापताना निघणारा भुसा आठवडाभर घरात सापडत राहतो. मशीनच्या बॉबिनखालीही साचतो, तो झटका.)

शिवताना वरचा थर सरकतो, म्हणून टाचण्या जवळजवळ लावा, मशीनच्या फूटचा (सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या भागाचा) दाब कमी करा आणि लवेच्या दिशेनेच शिवा. सुई 14 नंबरची, टाका 3 मिलिमीटरचा. कॉलर, खिशाची झडप यांना आतून पातळ सुती कापड लावा. कॉर्डरॉयचे दोन थर उलटवून बसवायला गेलात तर कोपरे बटाट्यासारखे होतात.

इस्त्री नेहमी उलट्या बाजूने, खाली टॉवेल किंवा याच कापडाचा तुकडा लव वर करून ठेवून. दाबू नका, वाफ द्या. चुकून चपटी चकाकी आलीच तर त्या जागी वाफ देऊन मऊ ब्रश फिरवा, बहुतेक वेळा लव पुन्हा उभी राहते.