फोन सारखा चार्जिंगला लावावा लागतोय? आधी हे बघा

"दिवसातून किती वेळा चार्ज केला तर चालतो गं?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवून देईन. या प्रश्नामागे नेहमी एकच भीती असते, की फोन जितक्या वेळा वायरला लावू तितकी बॅटरी लवकर बसणार. माझे बाबा अजूनही १५ टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय चार्जरला हात लावत नाहीत, आणि एकदा लावला की १०० झाल्याशिवाय कोणाला काढू देत नाहीत, मधेच काढला तर "अर्धवट चार्ज करू नये, बॅटरी खराब होते" हे ठरलेलं वाक्य.

आता त्यांचं अगदीच चूक आहे असं नाही, फक्त ते जुन्या बॅटरीबद्दल बोलतायत. नोकिया ३३१० मधे सुद्धा सुरुवातीला निकेलची बॅटरी यायची, आणि त्याच्याही आधीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांना सारखं अर्धवट उतरवून भरलं की तेवढ्याच अर्ध्याची सवय लागते असं म्हणायचे, म्हणून पूर्ण उतरवून पूर्ण भरा हा सल्ला तेव्हा बरोबर होता. आताच्या फोनमधे लिथियम आयन असते. ही १९९१ मधे सोनीने बाजारात आणली आणि तिच्यामागच्या कामासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. हिला असली काही सवय लागत नाही. उलट पूर्ण उतरवणं हेच हिला त्रासाचं आहे.

मग मोजायचं काय, तर सायकल. सायकल म्हणजे प्लग लावायची संख्या नव्हे, १०० टक्के वापर झाला की एक सायकल. आज ४० टक्के वापरले आणि परत भरले, उद्या ६० वापरले आणि भरले, तर दोन दिवसात मिळून एक सायकल झाली, मग मधे तुम्ही चार्जर दोनदा लावला का सात वेळा लावला याने हिशोब बदलत नाही. अॅपल स्वतःच सांगते की आयफोन १४ आणि त्याआधीच्यांची बॅटरी ५०० सायकलनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहील अशी बनवलीये आणि आयफोन १५ पासून पुढे १००० सायकलनंतर. युरोपमधे तर २० जून २०२५ पासून नियमच आलाय की तिथे विकायला आणलेल्या नवीन फोनची बॅटरी ८०० सायकलनंतर किमान ८० टक्के राहिली पाहिजे. रोज एक सायकल धरली तर ८०० म्हणजे सव्वादोन वर्षाच्या आसपास. तर दिवसातून तीन वेळा थोडा थोडा चार्ज केलात तर काही बिघडत नाही, बिनधास्त लावा.

पण तीन वेळा *पूर्ण* चार्ज करावा लागत असेल तर मात्र काहीतरी गडबड आहे, आणि ती शोधायची कशी ते आता सांगते.

आधी एक छोटासा हिशोब डोक्यात ठेवा. ५००० एमएएचची बॅटरी (एमएएच हे बॅटरीवर लिहिलेलं क्षमतेचं माप) म्हणजे साधारण १९ वॉट-तास, म्हणजे एक वॉट खाणारी वस्तू १९ तास चालेल एवढी वीज. ती २४ तास पुरवायची तर फोनने सरासरी एक वॉटसुद्धा खाता कामा नये, पाऊण वॉटच्या जरा वर, बस. पूर्ण ब्राइटनेसला एकटी स्क्रीनच त्याहून जास्त खाऊ शकते. म्हणजे फोन एरवी जवळजवळ झोपलेला असतो म्हणूनच दिवसभर टिकतो, आणि ज्या फोनची बॅटरी पटापट उतरते त्याला एकतर तुम्ही झोपू देत नाही किंवा एखादं अॅप झोपू देत नाही. कोण जागं ठेवतंय ते रात्री कळतं.

रात्री झोपताना टक्के बघून ठेवा, चार्जरला लावू नका, वायफाय वगैरे नेहमीसारखं चालू राहू द्या आणि सकाळी उठल्या उठल्या परत बघा. सात-आठ तासात दोन ते पाच टक्के गेले तर फोन ठणठणीत आहे, तुमचा वापरच जास्त आहे असं समजा (राग मानू नका, मी पण त्यातलीच). दहा-पंधराच्या वर गेले तर रात्री कोणीतरी जागं होतं. मग सेटिंगमधे बॅटरी उघडा, तिथे कुठल्या अॅपने किती टक्के खाल्ले ते दिसतं. तिथे लोक एक चूक करतात, सगळ्यात वर जे अॅप दिसतं त्यालाच दोषी ठरवतात, पण तुम्ही तीन तास व्हिडिओ बघितलेत तर ते वर असणारच की. बघायचं ते हे, की जे अॅप तुम्ही उघडलंच नाही किंवा पाच मिनिटं उघडलं ते बॅकग्राउंडला तासन् तास चाललंय का. असं एखादं सापडलं की त्याची बॅकग्राउंडची परवानगी काढा, लोकेशन "नेहमी" असेल तर "अॅप वापरताना" वर आणा, आणि दुसऱ्या रात्री परत टेस्ट घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला हं, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही आणि मग माणूस उगाच सगळंच बंद करून बसतो आणि मेसेज उशिरा आला म्हणून वैतागतो. नुकताच मोठा अपडेट टाकला असेल तर एक-दोन दिवस थांबा, तेव्हा फोन आतल्या आत बरीच आवराआवर करत असतो आणि बॅटरी जास्त उतरते, ती आपोआप जागेवर येते.

आणि ते सगळे अॅप वर सरकवून बंद करत बसणं सोडा एकदाचं. दर दहा मिनिटांनी हे करणारे लोक मी बघितलेत, हाताला चाळाच लागलेला असतो. २०१६ मधे एकाने अॅपलच्या टिम कुक यांना ईमेल करून हेच विचारलं होतं, की याने बॅटरी वाचते का, तर अॅपलचे सॉफ्टवेअर बघणारे क्रेग फेडेरिगी यांनी नाही म्हणून सांगितलं, आणि अँड्रॉइडच्या हिरोशी लॉकहायमर यांनीही तेच सांगितलं, वर असंही की याने उलट थोडं बिघडूच शकतं. कारण बंद केलेलं अॅप परत शून्यापासून उघडायला जास्त ताकद लागते. अडकलेलं एखादं अॅप बंद करणं वेगळं.

स्क्रीनबद्दल फार बोलत नाही, ऑटो ब्राइटनेस चालू ठेवा, स्क्रीन ३० सेकंदात बंद होऊ द्या, स्क्रीन १२० हर्ट्झची (म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारी) असेल आणि दिवस पुरत नसेल तर ६० करून बघा. डार्क मोडचं मात्र सांगते कारण त्यावर वाद फार होतात. ओलेड स्क्रीनमधे काळा पिक्सेल (स्क्रीनवरचा बारीक ठिपका) म्हणजे बंद पिक्सेल म्हणून तिथे वीज वाचते, एलसीडीमधे मागचा दिवा सगळीकडे जळतच असतो म्हणून तिथे डार्क मोडने बॅटरीला जवळपास काही फरक पडत नाही. ओलेडमधे सुद्धा किती वाचते ते ब्राइटनेसवर आहे. पर्ड्यू विद्यापीठाच्या लोकांनी २०२१ मधे मोजलं तेव्हा ३०-५० टक्के ब्राइटनेसला सरासरी ३ ते ९ टक्केच वाचले आणि पूर्ण ब्राइटनेसला ३९ ते ४७ टक्के. म्हणजे घरात बसून वापरत असाल तर डोळ्यांना बरं वाटतं म्हणून डार्क मोड लावा, बॅटरीसाठी म्हणून आवडत नसताना लावू नका.

स्क्रीनइतकाच मोठा चोर म्हणजे रेंज, आणि याच्याकडे कोणी बघतच नाही. टॉवर लांब असला किंवा जाड भिंतीआड असलात की फोनला जास्त जोर लावून सिग्नल पाठवावा लागतो, रेंज गेली की सारखा शोधत बसतो. प्रवासात गाडीत नुसता खिशात ठेवलेला फोन निम्मा उतरतो ना, तो यामुळे. जिथे रेंज एक काडीच असते तिथे वायफाय असेल तर वायफायवर या आणि वायफाय कॉलिंग (टॉवरऐवजी वायफायवरून कॉल) चालू करा, अजिबात रेंज नसेल तर सरळ फ्लाइट मोड. ५जी येतंय-जातंय अशी अवस्था असेल तर नेटवर्क ४जीवर ठेवून दोन दिवस बघा. माझ्या ऑफिसच्या जागेवर रेंज लपाछपी खेळते, तिथे नुसतं एवढंच केलं आणि संध्याकाळचा चार्जर सुटला. हॉटस्पॉटचं तर विचारूच नका, तो चालू ठेवायचा असेल तर फोन चार्जिंगला लावूनच ठेवा, पण मग गरम होतो, आणि खरी गोष्ट तिथेच येते.

बॅटरी म्हातारी करतात त्या दोन गोष्टी, उष्णता आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत पडून राहणं, आणि दोन्ही एकत्र आल्या तर मग विचारूच नका. बॅटरी युनिव्हर्सिटी नावाच्या साइटवर याचं एक टेबल आहे: बॅटरी ४० टक्के भरून २५ डिग्रीला वर्षभर नुसती ठेवली तर ९६ टक्के क्षमता उरते, १०० टक्के भरून त्याच तापमानाला ठेवली तर ८० टक्के, आणि १०० टक्के भरून ४० डिग्रीला ठेवली तर फक्त ६५. न वापरता! आता विचार करा, रात्रभर १०० टक्क्यांवर, जाड कव्हरमधे, उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन. किंवा उन्हात गाडीच्या काचेपाशी मॅप लावून, चार्जिंग चालू, तो तर अक्षरशः भाजत असतो. अॅपल ० ते ३५ डिग्रीमधेच फोन वापरा म्हणते ते उगाच नाही.

म्हणून सवय बदलायचीच तर ही बदला. चार्ज होताना फोन हाताला गरम लागला तर कव्हर काढा, कडक जागेवर ठेवा, गादीवर-उशीवर नको. चार्जिंग चालू असताना गेम खेळू नका. वायरलेस चार्जरमधे थोडी वीज उष्णता होऊन वाया जातेच, त्यामुळे तो सोयीसाठी ठीक, पण फोन नीट मधोमध ठेवा, सरकला की जास्त तापतो. फास्ट चार्जरला घाबरायचं काम नाही, फोन मागेल तेवढंच चार्जर देतो, लॅपटॉपचा ६५ वॉटचा चांगला चार्जर फोनला लावला तरी फोन आपल्या मापानेच घेतो. घाई नसेल तेव्हा साधा हळू चार्जर वापरा, तेवढा कमी तापतो. आणि शेवटचे २० टक्के एवढे रेंगाळतात का असं बरेच जण विचारतात, चार्जर खराब आहे का म्हणून, तर नाही, बॅटरीचं व्होल्टेज वरच्या मर्यादेला टेकलं की फोन मुद्दाम करंट कमी कमी करत जातो, नाहीतर बॅटरीचं नुकसान होईल.

रात्रभर लावूनच झोपायचं असेल तर फोनमधली सोय वापरा. आयफोनमधे ऑप्टिमाइज्ड चार्जिंग आहे (२०१९ च्या आयओएस १३ पासून), ते ८० वर थांबून तुमच्या उठायच्या वेळेच्या आधी १०० करतं, आयफोन १५ पासून तर ८० वर कायमचं थांबवायची मर्यादा पण आहे. सॅमसंगमधे बॅटरी प्रोटेक्शन, गूगलच्या पिक्सेल फोनमधे पण ८० ची मर्यादा, इतरांमधे सुद्धा बॅटरीच्या सेटिंगमधे असं काहीतरी सापडतं. आता याच्यावरून लोक फार कडक होतात, २० ते ८० च्या बाहेर गेलं की घाबरतात. माझं मत असं, की दिवस ८० मधे निघत असेल तर मर्यादा लावून विसरून जा, आणि प्रवास असेल, दिवस लांब असेल तर खुशाल १०० करा, बाहेर पडायच्या जरा आधी. बॅटरी वापरण्यासाठीच असते, तिची सेवा करत बसायला फोन घेतलेला नाही.

फोन काही महिने कपाटात ठेवायचा असेल तर ५० टक्क्यांच्या आसपास भरून, बंद करून ठेवा, आणि सहा महिन्यांनी काढून परत ५० करा. शून्यावर ठेवलात तर नंतर चालूच न होण्याची शक्यता असते.

एवढं सगळं करूनही दोनदा-तीनदा पूर्ण चार्ज करावा लागत असेल तर बॅटरी हेल्थ बघा, म्हणजे मूळ क्षमतेच्या किती टक्के उरलीय ते. आयफोनमधे बॅटरीच्या सेटिंगमधेच असतं, आता बऱ्याच अँड्रॉइड फोनमधे पण दिसतं. ८० च्या खाली गेलं असेल, किंवा २५ टक्के दाखवत असताना कॅमेरा उघडला आणि फोन पटकन बंद पडला, थंडीत असं जास्त होतंय, तर बॅटरी थकलीय. जुन्या बॅटरीचा आतला रोध वाढतो, एकदम ताकद मागितली की व्होल्टेज धपकन खाली येतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. बॅटरी बदला, फोन बदलायची गरज नाही, बदललेल्या बॅटरीवर तोच फोन आरामात दोन वर्ष जातो. फक्त चांगली, कंपनीची बॅटरी घाला.

आणि पाठीचं कव्हर उचललं गेलं, स्क्रीन एका कडेने वर आली, किंवा फोन टेबलावर सपाट बसत नाही, तर बॅटरी फुगलीय. मग चार्जिंगला अजिबात लावायचा नाही, दाबून बसवायचा नाही, टोचायचा तर मुळीच नाही, बंद करून जळण्यासारख्या वस्तूंपासून लांब ठेवायचा आणि सर्विस सेंटरला न्यायचा. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, ई-कचऱ्यात द्यायची. माझा आधीचा फोन टेबलावर ठेवला की भिंगरीसारखा गोल फिरायला लागला होता आणि मी वेडी दोन दिवस सगळ्यांना बोलवून बोलवून ती गंमत दाखवत होते.