लोलकातून रंग पडत नाहीत? या चुका टाळा

डिसेंबर आला की नाशकातल्या शाळांमध्ये विज्ञान प्रदर्शनाची गडबड सुरू होते, आणि आमच्या पंचवटीतल्या घराच्या जिन्यावर पावलं वाजायला लागतात. कुणीतरी मूल रुमालात गुंडाळलेला लोलक, म्हणजे काचेचा तिकोनी प्रिझम, घेऊन येतं. "काकू, हा खराब निघाला. रंगच पडत नाहीत." इतक्या वर्षांत खरोखर वाया गेलेला लोलक मी एखाद-दुसराच पाहिला असेल. चुकतो तो त्याच्यात सोडलेला प्रकाश.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खिडकीतलं ऊन आहे तसं, रुंदच्या रुंद लोलकावर घेणं. मग भिंतीवर पांढरा पट्टा उमटतो. त्याच्या एका कडेला तांबडा-पिवळा, दुसऱ्या कडेला निळा-जांभळा. मधला हिरवा गायब. मुलांना वाटतं, लोलकाने काम अर्धवट सोडलं.

जरा हिशेब करून पाहा. साध्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे काच प्रकाशाला किती वळवते त्याचं माप, तांबड्या प्रकाशाला सुमारे १.५१ आणि जांभळ्याला सुमारे १.५३. फरक एवढाच. त्यामुळे ६० अंशांच्या लोलकातून बाहेर पडताना या दोन रंगांमध्ये जेमतेम दीड अंशाची फाकणी होते. भिंत एक फुटावर असेल तर दीड अंश म्हणजे पाऊण सेंटिमीटर. आता तीन सेंटिमीटर रुंदीचं ऊन आत सोडलं, तर रंगांचे असंख्य पट्टे एकमेकांवर चढतात आणि मध्ये पुन्हा पांढराच प्रकाश तयार होतो. रंग वेगळे झालेले असतात, पण एकमेकांपासून सुटायला त्यांना जागा मिळालेली नसते.

म्हणून दोन गोष्टी करा. पुठ्ठ्यात ब्लेडने दोन-तीन मिलिमीटरची फट कापा आणि त्या फटीतून आलेली तिरीपच लोलकावर घ्या. आणि भिंत दूर न्या, निदान तीन मीटर. तिथे तीच वर्णपंक्ती, म्हणजे रंगांचा पट्टा, जवळजवळ आठ सेंटिमीटरची होते, म्हणजे चार बोटं. न्यूटनने १६६६ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत समोरची भिंत २२ फुटांवर होती. त्याने १६७२ मध्ये लिहिलं त्याप्रमाणे पट्टा १३ इंचांहून लांब आणि अडीच इंचांहून थोडा जास्त रुंद पडला होता. कवडसा गोल, भोक गोल, मग पट्टा लांबट का, हा त्याचा प्रश्न होता. जवळच्या भिंतीवर हा प्रश्न पडलाच नसता.

फट आडवी की उभी, इकडेही लक्ष द्या. ती लोलकाच्या धारेला, म्हणजे लांब कडेला, समांतरच हवी. काटकोनात ठेवली तर फटीच्या लांबीभर रंग एकमेकांवर सांडतात आणि सगळी मेहनत फुकट जाते.

लोलक कसा धरायचा

काही मुलं लोलकाच्या बाजूवर ऊन सरळ, काटकोनात घेतात. चित्र नीटनेटकं दिसतं, पण आत गेलेला किरण पुढच्या बाजूवर ६० अंशांनी आदळतो. काचेचा क्रांतिक कोन, म्हणजे ज्याहून तिरका किरण काचेबाहेर पडूच शकत नाही तो कोन, सुमारे ४१ अंश. त्यामुळे तो बाहेर न पडता पूर्ण परावर्तित होतो आणि तिसऱ्या बाजूने पांढराच्या पांढरा निघून जातो. किरण निदान ३० अंश तिरका यायला हवा. ५० अंशांच्या आसपास उत्तम. कोनमापक नको. लोलक बोटांत हळूहळू फिरवत राहा. भिंतीवरचा रंगीत पट्टा सरकत येतो, एका जागी थबकतो आणि फिरवणं चालू ठेवलं तरी उलटा परत जायला लागतो. जिथे थबकला तिथे हात थांबवा. तेच किमान विचलन, म्हणजे किरण तिथे सगळ्यात कमी वळतो. ते वळण एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुस्तकातला आलेख पाठ करावा लागत नाही.

पट्टा कुठे शोधायचा, हेही अनेकांना उमगत नाही. किरण मूळ दिशेपासून सुमारे ३९ अंश वळतो, नेहमी लोलकाच्या पायाकडे, म्हणजे प्रकाश ज्या दोन बाजूंतून जातो त्या सोडून उरलेल्या तिसऱ्या बाजूकडे. नाशकात डिसेंबरमध्ये सकाळी साडेदहाला सूर्य साधारण ३८ अंश वर असतो. तेव्हा आग्नेयेच्या खिडकीत लोलकाची धार खाली आणि पाया वर करून धरा, फट आडवी ठेवा. खाली येणारं ऊन वर वळून जवळजवळ आडवं होतं आणि थेट समोरच्या भिंतीवर पडतं. यात जांभळा वर दिसेल, तांबडा खाली. तानापिहिनिपाजा उलटं झालं म्हणून घाबरू नका. जांभळा काचेत जास्त वळतो, म्हणून तो पायाच्या बाजूला असतो, आणि इथे पाया वर आहे. चार्टवर मात्र पाया खाली काढून जांभळा वर रंगवलेला मी दर वर्षी पाहते. ती चूक परीक्षक लगेच पकडतात.

मे महिन्यात हा खटाटोप करू नका. २० मेच्या आसपास नाशकात भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, खिडकीतून ऊन आत येतच नाही.

ढग असतील तर मोबाइलचा टॉर्च चालतो. फट टॉर्चपासून मीटरभर दूर ठेवा आणि खोलीत पूर्ण अंधार करा. एलईडीच्या पट्ट्यात निळा आणि हिरवा यांच्यामध्ये फिकटपणा दिसतो. तो दोष लोलकाचा नाही, त्या दिव्याच्या प्रकाशात तो भागच कमी असतो. लेझर घेऊ नका. त्यात एकच रंग असतो, तो वळेल पण फुटणार नाही. आणि लोलकातून सूर्याकडे कधीही पाहायचं नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही.

काच चष्म्याच्या फडक्याने पुसा, घासलेली खरखरीत बाजू प्रकाशाच्या वाटेत येऊ देऊ नका.

शेवटची अडचण प्रदर्शनाच्या दिवशीची. गेल्या वर्षी एका मुलीने सकाळी नऊला सुरेख वर्णपंक्ती जमवली, लोलक चिकटपट्टीने पक्का केला आणि परीक्षकांची वाट पाहत बसली. ते आले दहाला. तोवर भिंत कोरी. सूर्य चार मिनिटांत सुमारे एक अंश सरकतो, आणि तीन मीटरवर एक अंश म्हणजे पाच सेंटिमीटर. लोलक चिकटवायचा नाही. मळलेल्या कणकेच्या गोळ्यावर बसवायचा आणि दर पाच मिनिटांनी बोटाने किंचित वळवायचा. यंदा तीच मुलगी कणीक डब्यात भरून घेऊन जाणार आहे.