कॅम्पेन प्रोजेक्ट: पोस्टर सगळ्यात शेवटी

मुंबई विद्यापीठाच्या बीएमएम या माध्यम शिक्षणाच्या पदवीला, म्हणजे आताच्या बीएएमएमसीला, तिसऱ्या वर्षी जाहिरात हा विषय घेतला की कॅम्पेन प्रोजेक्ट, म्हणजे एखाद्या मालाची पूर्ण जाहिरात मोहीम आखणं, चुकत नाही. बहुतेक गट पहिल्याच दिवशी कॅनव्हा उघडून लोगो करायला बसतात. मार्क तिथेच जातात, कारण व्हायव्हात रंगाबद्दल कुणी फारसं विचारत नाही, "हे कुणासाठी आणि का?" हे मात्र हमखास विचारतात.

समजा, मालवणच्या एका बचत गटाचं कोकम सिरप पुण्यात विकायचंय. हातात सहा आठवडे असतील तर त्यातले पहिले दोन ब्रीफला, म्हणजे मोहिमेच्या लेखी टिपणाला द्या. ब्रीफ एका पानाच्या वर जाता कामा नये. माल काय, कुणाला विकायचा, तो माणूस आज त्या जागी काय पितो, त्याने नेमकं काय करावं, पैसे किती, मुदत कधी, एवढंच त्यात हवं. "वयोगट 18 ते 45, स्त्री-पुरुष" असं लिहिलंत तर काहीच ठरवलं नाही असं समजा. "कोथरूडमध्ये राहणारी, घरात दोन शाळकरी मुलं असलेली, उन्हाळ्यात दर महिन्याला सरबताची तयार बाटली आणणारी बाई" असं लिहिलं की पुढचे निर्णय आपोआप सोपे होतात.

ही बाई कशी सापडते? गूगल फॉर्म वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून तर नाहीच. त्यात 60 उत्तरं आली तरी ती तुमच्याच वयाच्या मित्रांची. त्यापेक्षा किराणा दुकानापाशी उभं राहून आठ-दहा गिऱ्हाइकांशी नीट बोला. "तुम्ही कोकम सिरप घ्याल का?" हा प्रश्न फुकट जातो, समोरचा भिडेखातर हो म्हणतो. "सरबताची बाटली शेवटची कधी आणलीत? कुठून? कितीला? संपली की तशीच पडून राहिली?" असं विचारा. उत्तरं शब्दशः टिपून ठेवा. "मुलं पितात, पण पाहुण्यांना द्यायला बरं नाही वाटत" असं वाक्य हाती लागलं तर कॅम्पेनची अर्धी कल्पना त्यातच आहे.

आता मीडिया प्लॅन, म्हणजे जाहिरात कुठे आणि किती पैशांत दाखवायची ते. इथे आकडेमोड टाळणारे गट लगेच उघडे पडतात. बजेट 15,000 रुपये आणि हजार इम्प्रेशन्सचा (जाहिरात एकदा दिसली की एक इम्प्रेशन) दर, म्हणजे सीपीएम, 60 रुपये धरला तर 2,50,000 इम्प्रेशन्स मिळतात. पण ही अडीच लाख माणसं नव्हेत. एकाला जाहिरात सरासरी पाच वेळा दिसावी असं ठरवलं तर रीच, म्हणजे जाहिरात पाहणारी वेगवेगळी माणसं, 50,000. बाटलीमागे 40 रुपये सुटत असतील तर नुसता खर्च भरून निघायला 375 बाटल्या खपायला हव्यात, म्हणजे जाहिरात पाहणाऱ्या दर 133 माणसांमागे एक. हे जमेल का, ते स्लाइडवर स्वतःच लिहा, परीक्षकाने विचारायची वाट बघू नका. सीपीएमचा दर कुठून आणला तेही शेजारी लिहायचं.

वर्तमानपत्र घेणार असाल तर एक घोटाळा नेहमीचा: एबीसी (वर्तमानपत्रांचा खप तपासणारी संस्था) प्रती मोजतं, इंडियन रीडरशिप सर्व्हे वाचक मोजतो. एक प्रत घरात चौघं वाचतात, त्यामुळे दोन आकडे एकाच रकान्यात टाकले की सगळा तक्ता खोटा ठरतो. आकड्यांचं सालही लिहा. नेटवर फिरणारे रीडरशिपचे तक्ते बरेचदा 2019चे असतात. रेडिओचा दर 10 सेकंदांवर चालतो. तेवढ्यात मराठीचे वीसेक शब्द बसतात. मोबाइलवर वेळ लावून मोठ्याने वाचा; पस्तीस शब्द कोंबले की आरजेची गाडी सुटल्यासारखं ऐकू येतं.

कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, आधी इंग्रजीत लिहून मग मराठी करू नका. "अनुभवा निसर्गाची ताजगी" कोण बोलतं घरात? दावे जपून करा. "पित्तावर रामबाण" लिहिलंत तर अ‍ॅस्कीच्या (जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या) आचारसंहितेप्रमाणे पुरावा मागितला जातो, आणि आजार बरा करण्याच्या जाहिरातींवर 1954चा स्वतंत्र कायदा आहे. लेबलवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 अंकी परवाना क्रमांक यायला हवा. डमीत त्याची जागा तरी सोडा.

आता उघडा डिझाइन. देवनागरीत "कि"ची वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटली किंवा जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसली, तर दोष फॉन्टचा असेलच असं नाही. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाच्या पॅनेलच्या मेन्यूत "वर्ल्ड-रेडी" कंपोझर निवडा, अक्षरं जागेवर येतात. मुक्ता आणि बलू हे युनिकोड फॉन्ट फुकट मिळतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर मात्र दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर कचरा होतो, म्हणून प्रेसला पीडीएफच द्या: सीएमवायके (छपाईचे चार रंग), 300 डीपीआय, चारही बाजूंना 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर वाढवलेलं चित्र. ब्लीड विसरलं की कटिंगनंतर कडेला पांढरी रेघ राहते, आणि ती शेवटच्या रांगेतूनही दिसते.

सादरीकरणाला दहा मिनिटं असतील तर दहाच स्लाइड, आणि पोस्टर सातवीच्या आधी नको. गटातल्या प्रत्येकाला सीपीएमचं गणित तोंडपाठ हवं. परीक्षक नेमकं आर्टवाल्यालाच विचारतात.