सांगलीत राहून फॅनआर्टचा ग्रुप चालवायचा तर

दिवसा मी फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो. 'भाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा', पांढरा शर्ट, गॉगल, मागं वाघ. रात्री फॅनआर्टचा, म्हणजे आवडत्या पात्रांची स्वतः चित्रं काढणाऱ्यांचा, ग्रुप सांभाळतो. अ‍ॅनिमे, गेम, मालिका, संगीत नाटक, ज्याला ज्याचं वेड असेल त्यानं ते काढायचं. सांगली, मिरज, विटा, तासगाव, कराडकडची मंडळी आहेत. त्यात पोरं आहेत, पोरी आहेत, आणि या दोन्हींत न बसणारेही आहेत. आमच्या गावात असं काही सुरू करायचं तर कसं, असं अधूनमधून कुणीतरी विचारतं. त्यांच्यासाठी हे.

व्हॉट्सअ‍ॅपवर करू नका. ग्रुपात आलं की नंबर सगळ्यांना दिसतो. मुंबईत नंबर म्हणजे नुसता नंबर. आपल्याकडं नंबर म्हणजे 'अगं, ही तर गावभागातल्या अमक्यांची धाकटी'. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, पण नवीन खातं काढलं की ज्यांच्याकडं तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांना तसा निरोप जातो, आणि त्यात मामा-मामी आलेच. म्हणून मला डिस्कॉर्ड हे ग्रुपच्या गप्पांचं अ‍ॅप बरं वाटतं. ईमेलवर खातं निघतं, टोपणनाव चालतं, सर्वनाम, म्हणजे आपल्याला 'ही' म्हणायचं, 'शी' की 'दे', ते लिहायला प्रोफाइलमध्ये वेगळी जागा आहे. फोनमधले कॉन्टॅक्ट जोडू का असं अ‍ॅप विचारेल, तिथं नाही म्हणायचं.

पैशाचं कुणी सांगत नाही, ते मी सांगतो. ग्रुपात कमिशनची, म्हणजे पैसे घेऊन चित्र काढून द्यायची, कामं सुरू होतात, कुणी दोनशे रुपयांत कॅरेक्टर काढून देतं. यूपीआयनं पैसे पाठवताना समोरच्याला बँकेतलं नाव दिसतं. ग्रुपात 'कबीर' असणाऱ्याचं बँकेतलं नाव 'कविता' असेल तर एका स्कॅनमध्ये सगळं उघडं. कमिशन घेण्याआधी हे प्रत्येकाला सांगून ठेवा. ज्याला ते नको असेल त्याचे पैसे त्याच्या भरवशाच्या माणसानं घ्यावेत. अ‍ॅडमिननं मात्र सगळ्यांचा खजिनदार होऊ नये, त्यातून वेगळीच भांडणं होतात.

आता ओळखीचा फॉर्म. नाव, लिंग, गाव, कॉलेज असे रकाने नकोत. काय हाक मारायची, काय काढता, आणि 'मी आलो' की 'मी आले' यातलं काय तोंडात बसतं, एवढं पुरे. इंग्रजीत बोलणाऱ्यांचं सर्वनामावर भागतं, त्यांचं 'मी' कुणाचंच काही सांगत नाही. मराठीत क्रियापद तोंड उघडताच चुगली करतं. पण वाटाही मराठीतच आहेत. 'मी काल स्केच केलं', 'मला रंगवायला आवडतं', 'माझं इंकिंग राहिलंय' यातून काहीच कळत नाही. दुसऱ्याला 'मस्त काढलंयस' म्हणा, 'तुम्ही कधी आलात' विचारा, तिसऱ्याबद्दल 'त्यांनी काढलंय' म्हणा. अडचण 'तू आलास का आलीस' इथं येते, तर 'कधी येणं झालं?' म्हणून सुटायचं. सतरा वर्षांच्या पोराला अहो-जाहो केलं की सुरुवातीला सगळे हसतात. हसू दे.

शिवाय आपला भाग या बाबतीत आधीच ढिला आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या बायका पूर्वापार 'मी येतो गं', 'मी जेवलो' म्हणत आल्यात, पुण्याला गेल्यावर लोक त्यांची चेष्टा करतात. त्यामुळं मी वर 'करतो', 'सांभाळतो' लिहिलंय त्यावरून माझ्याबद्दल काही ठरवू नये.

कुणी आज 'आलो' लिहिलं आणि दिवाळीनंतर 'आले' लिहायला लागलं, तर त्याची घोषणा नको, अभिनंदनाचा केक नको, 'का गं?' तर अजिबात नको. जुन्या सवयीनं कुणाची जीभ घसरली तर दुरुस्त करून पुढं बोलायचं. पानभर माफी मागितली की ज्याला दुखलं त्यालाच समजूत घालत बसावं लागतं. स्वतःची ओळख स्वतः ठरवायचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालात, म्हणजे तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या खटल्यात, मान्य केलाय. वाद घालणारा आला तर एवढं सांगायचं आणि त्याला म्यूट करायचं.

चित्रांकडं येतो, कारण ग्रुप टिकतो तो चित्रांवर, नियमांवर नाही. आमच्याकडं सगळ्यात चालणारा प्रकार म्हणजे जेंडरबेंड, आवडतं पात्र वेगळ्या लिंगात काढणं. नवखे लोक काय करतात? नायकाला लिपस्टिक लावतात, छाती काढतात, झालं. मी रोज फ्लेक्सवर 'भाऊ' तयार करतो, त्यामुळं पुरुषीपणा कशाकशाचा बनतो ते मला पाठ आहे. फोटो खालून घेतलेला, हनुवटी वर, मान आखूड, खांदे थोडे ताणलेले, एक हात छातीवर. चेहऱ्याला हात लावायच्या आधीच भाऊ तयार असतो. म्हणून नव्यांना मी एक गृहपाठ देतो. एकच पात्र तीनदा काढा. पहिल्यांदा फक्त उभं राहणं बदला, दुसऱ्यांदा फक्त कपडे, तिसऱ्यांदा फक्त जबडा आणि मान. कुठल्या रेषेनं पात्र बदललं ते स्वतःलाच दिसतं, आणि बऱ्याचदा ती रेष चेहऱ्यावर नसते. चित्र काढायला फोनवर आयबिस पेंट हे अ‍ॅप पुरतं, लॅपटॉप असेल तर क्रिता फुकट आहे.

एकदा ग्रुपात तलवारबाज नायक नऊवारीत आला. खाली 'गडी वाटतोय' अशा कमेंटी. मी झूम करून बघितलं तर खांदे ठीक, चेहरा सुरेख. घोळ पायात होता. दोन्ही पाय जुळवून उभं केलेलं आणि निऱ्या पाचवारीसारख्या समोर सोडलेल्या. नऊवारीचा काष्टा दोन पायांमधून मागं जाऊन खोचलेला असतो. तिचा डौल पाय फाकवून उभं राहिल्यावरच खुलतो, म्हणजे तलवारबाजाचा पवित्राच तिला हवा. पाय उघडले, काष्ट्याची घडी मांडीवर ताणून दाखवली, चित्र जागेवर आलं. टीका अशी करायची: निरीवर, रेषेवर, वजनावर. 'बाई वाटत नाही' ही टीका चित्रावर होतच नाही, ती बघणाऱ्यातल्या कुणाच्या तरी अंगावर जाते.

कारण काही चित्रं फॅनआर्ट म्हणून येतात आणि असतात ती आत्मचित्रं. आवडत्या पात्राच्या ओठावर नेमका चित्रकाराचा तीळ असतो. 'हा तूच का रे?' असं विचारायची खाज सुटते. विचारायचं नाही. ज्याला सांगायचंय तो सांगेल. तसंच हेडकॅननचं, म्हणजे मूळ कथेत नसलेलं पण चाहत्यानं पात्राबद्दल मनाशी धरलेलं. 'माझ्या मते हा नायक ट्रान्स आहे' असं कुणी म्हटलं, तर मूळ कथेतले पुरावे काढून त्याला हरवायची गरज नसते. टॅग लावा, ज्याला नको त्यानं पुढं सरकावं.

नाट्यपंढरीचा फायदा घ्या. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीतच पहिलं नाटक राजेसाहेबांपुढं केलं, तेव्हा बायकांच्या भूमिका पुरुषांनीच केल्या. बालगंधर्व आपल्याच जिल्ह्यातल्या नागठाण्याचे, जन्म १८८८. त्यांच्या साड्यांची, दागिन्यांची नक्कल घरोघरच्या बायका करत. ती फॅनगिरीच की. बायकांच्या भूमिका करणाऱ्या नटांना स्त्रीपार्टी म्हणत, म्हणून आम्ही 'स्त्रीपार्टी आठवडा' ठेवतो. जुने फोटो बघून पदर, नथ, अंबाडा आणि मुख्य म्हणजे हात काढायचे. घरच्यांनी खांद्यावरून वाकून बघितलं तरी 'बालगंधर्व काढतोय' म्हटल्यावर आजोबाच पद गुणगुणायला लागतात. फक्त बालगंधर्वांना आजचं कुठलं लेबल लावायचं, हा वाद आमच्याकडं बंद आहे. रंगमंचावर लुगडं नेसणं त्यांचा पेशा होता, त्यावरून ना त्यांच्याबद्दल काही ठरतं, ना ग्रुपातल्या कुणाबद्दल.

वयाचं थोडक्यात. तेराच्या आतल्यांना डिस्कॉर्डच घेत नाही. अठराच्या आतले असतील तर मोठ्यांची चित्रं वेगळ्या, कुलूपबंद चॅनेलमध्ये ठेवा. आणि लहान मुलांची अश्लील चित्रं, हातानं काढलेली असोत नाही तर मशीननं, दिसताक्षणी काढून माणूस बाहेर. आयटी कायद्याचं ६७ब कलम त्यासाठीच आहे, तिथं 'कला आहे' हा युक्तिवाद कुणी करू नये.

स्क्रीनशॉट फुटणार हे धरूनच चाला. म्हणून गावाचं, कॉलेजचं, गल्लीचं नाव चॅटमध्ये येऊ देऊ नका. मागं खिडकीतून गणपती मंदिराचा कळस दिसतोय असा वर्कडेस्कचा फोटोही नको. कुणी धमकावलं तर आधी तारीख-वेळेसकट पुरावा जपा, मग ब्लॉक करा. उलट केलं की तक्रारीला हातात काही राहत नाही. अ‍ॅडमिन दोन ठेवा, त्यातला एक जिल्ह्याबाहेरचा. इथल्या माणसावर इथल्या नातेवाइकांचं दडपण येतं.

भेटायचं असेल तर आमच्या आमराईसारख्या बागेत भेटा, स्केचबुकं घेऊन. झाडं काढत बसलेल्या पोरांना कुणी काही विचारत नाही, विचारलंच तर 'ड्रॉइंगचा क्लास' हे उत्तर खोटंही नाही. निघण्याआधी प्रत्येकाला विचारा, बाहेर कुठल्या नावानं हाक मारायची. ग्रुपातलं नाव उघड्यावर नको असणारे असतात आणि फक्त तिथंच ते नाव ऐकायला मिळतं म्हणून येणारेही असतात. ओळखीचं कुणी समोरून आलं तर 'अरे' म्हणून भागवायचं. नावच घ्यायचं नाही.

स्टिकर, पोस्टर छापायला आमच्यासारख्या दुकानात येणार असाल तर एक लक्षात ठेवा. ऑपरेटर चित्र बघत नाही, त्याला दिवसात पन्नास फाइली असतात. तो फाइलचं नाव वाचतो, मोठ्यानं वाचतो, आणि काउंटरवर उभ्या गर्दीत पुकारतो. पेनड्राइव्हमध्ये चित्राखेरीज काही ठेवू नका, कोपऱ्यातली सही तपासा, आणि फाइलला 'स्टिकर १', 'स्टिकर २' अशी नावं द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. नंबर जातो तो जातोच, वर फोटो दबतो आणि प्रिंट फाटते, म्हणजे धुरकट येते.