यूएसबी डोंगल कॉम्प्युटरला जोडताना

कपाटात पडलेला जुना डोंगल (सिम घालून कॉम्प्युटरला नेट देणारी यूएसबी काडी) बाहेर काढला असेल, तर आधी तो ३जीचा की ४जीचा ते बघा. जिओचं नेटवर्क २०१६ मध्ये सुरू झालं तेच ४जीवर, त्यामुळे ३जी डोंगलमध्ये जिओचं सिम चालणारच नाही. एअरटेलनेही २०२० पर्यंत देशभरातलं ३जी बंद केलं. शिवाय कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेले बरेच डोंगल 'लॉक' असतात, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम घेत नाहीत. एवढं तपासूनच रिचार्ज करा.

सिम घालण्याआधी ते मोबाईलमध्ये टाकून नेट चालतंय ना, हे पाहून घ्या. पुढची अर्धी डोकेदुखी वाचते. सिमला पिन लावला असेल तर तिथेच काढून टाका, कारण तीनदा पिन चुकला की पीयूके, म्हणजे लॉक झालेलं सिम उघडायचा कोड, मागतात. जुन्या डोंगलची खाच मोठ्या सिमची असते. आजचं नॅनो सिम त्यात बसवायला अ‍ॅडाप्टर लागतो. नुसतं सिम आत सरकवलं तर ते आतच अडकतं.

आता डोंगल थेट कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये लावा. स्वस्तातला यूएसबी हब नको. डोंगलला वीज पोर्टमधूनच मिळते आणि रेंज कमी असली की तो जास्त वीज ओढतो. ती पुरली नाही की कनेक्शन सारखं तुटतं. डेस्कटॉप असेल तर मागचा पोर्ट वापरा.

लावल्यावर विंडोजमध्ये बऱ्याचदा मोडेमऐवजी सीडी ड्राइव्ह दिसतो. घाबरू नका, डोंगल बिघडलेला नाही. त्याचं सॉफ्टवेअर त्याच्याच पोटात असतं आणि पहिल्यांदा तो सीडी असल्याचं सोंग घेतो. ती 'सीडी' उघडून सेटअप चालवा, की सोंग टाकून तो मोडेम होतो. लिनक्सवर हेच काम 'यूएसबी मोडस्विच' नावाचं सॉफ्टवेअर करतं.

नेट अडतं ते मुख्यतः यापुढच्या पायरीवर: एपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटमध्ये शिरायच्या दाराचं नाव. मोबाईल हे नाव सहसा आपोआप भरून घेतो, डोंगलमध्ये ते अनेकदा हाताने भरावं लागतं. डोंगलच्या सॉफ्टवेअरमध्ये 'प्रोफाइल' किंवा 'कनेक्शन सेटिंग' उघडा, नवं प्रोफाइल करा आणि एपीएनच्या रकान्यात जिओसाठी 'जिओनेट', बीएसएनएलसाठी 'बीएसएनएलनेट' आणि एअरटेलसाठी 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम' लिहा. अक्षरं रोमन, सगळी लहान, मध्ये जागा नाही. 'डॉट'च्या जागी टिंब. डायल नंबर विचारला तर *९९#. युजरनेम आणि पासवर्ड सहसा रिकामेच ठेवायचे. सेव्ह करून हेच प्रोफाइल 'डिफॉल्ट' करा. हे राहून गेलं, तर डोंगल जुन्याच प्रोफाइलवर जोडत राहतो आणि आपण उगाच कस्टमर केअरला फोन लावत बसतो.

काही डोंगलना डायल करावंच लागत नाही. कॉम्प्युटरला ते नेटवर्क केबल लावल्यासारखे दिसतात आणि सेटिंग ब्राउझरमध्ये उघडतं. ह्युआवेच्या अशा डोंगलचा पत्ता सहसा १९२.१६८.८.१ असतो (टाइप करताना आकडे इंग्रजी). एपीएन तिथेच बदलायचं.

जोडलं गेलं पण वेग रडतोय? मग मीटरभराची यूएसबी एक्स्टेन्शन केबल आणा आणि डोंगल खिडकीत ठेवा. स्लॅबच्या घरात किंवा पत्र्याच्या शेडखाली या साध्या केबलने पडणारा फरक महागड्या 'सिग्नल बूस्टर' स्टिकरने कधीच पडत नाही. ते स्टिकर घेऊच नका.

शेवटी विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये हे कनेक्शन 'मीटर्ड' (म्हणजे मोजक्या डेटाचं) करून ठेवा. रोज दीड जीबीचा पॅक असेल आणि हे केलं नसेल, तर एखादा मोठा अपडेट सकाळीच सगळा डेटा संपवतो.